लाल पट्टी

‘लवचिक’ हा शब्द कुणी माझ्यासमोर कौतुकानं उच्चारला की माझं डोकं फिरतं. योगासनं शिकवणाऱ्या बाईंनी उच्चारला तरी फिरतं. त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. दोष आमच्या सरांचा आहे. त्यांनी हा शब्द आधी माहितीपत्रकावर छापला, मग ऑफिसच्या पाटीवर रंगवला आणि शेवटी आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर आणून ठेवला.

आमचं ऑफिस नारायण पेठेत आहे. खाली लग्नपत्रिकांचं दुकान आणि वर आम्ही. छोट्या नर्सिंग होमसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. डॉक्टर नवरा, डॉक्टर बायको, दहा-बारा खाटा आणि काउंटरवर एक रिसेप्शनिस्ट, असा सगळा मामला. रुग्ण आला की त्याचं कार्ड उघडायचं, ते कार्ड आमचं. प्रत्येकाला त्या कार्डावर काहीतरी निराळं हवं असतं. कुणाला विम्याचा नंबर हवा, कुणाला रुग्ण उपासाचे कुठले वार करतो ते हवं. एका डॉक्टरीणबाईंना बाळाची जन्मवेळ सेकंदापर्यंत नोंदवायची होती, कारण पत्रिका करणारे आजोबा नंतर काउंटरवर येऊन भांडतात म्हणे. सर कुणालाच नाही म्हणत नसत. “अहो, आपलं सॉफ्टवेअर लवचिक आहे. तुम्ही म्हणाल तसं वाकेल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वाकवायचं आम्ही. त्यात माझ्याकडे तपासण्यांचं काम होतं. तपासणी म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. कोडला कुणी हात लावला की या सगळ्या तपासण्या आपोआप चालतात आणि एवढंच विचारतात, की काल जे खरं होतं ते आजही खरं आहे ना? असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. सॉफ्टवेअर बदलायला माझी कधीच ना नव्हती. ते बदलणारच, माणसांच्या गरजा बदलतात. पण बदलताना कशाला धक्का लागू द्यायचा नाही, हे कुणीतरी ठरवून ठेवायला लागतं. ते ठरवणारं माणूस कुठल्याही ऑफिसात कुणाला आवडत नाही. मलाही कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं.

आमच्या कार्डावर अगदी वर एक लाल पट्टी येते. अमुक औषध या रुग्णाला देऊ नये, असं त्यात लिहिलेलं असतं. ती पट्टी मी भांडून करून घेतली होती. माझी धाकटी बहीण कॉलेजात असताना घसा सुजला म्हणून शनिवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या नर्सिंग होममध्ये गेली. तिथं तिला एका साध्या, रोज कुणाला ना कुणाला देतात अशा अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. बघता बघता तिचा चेहरा सुजला, ओठ निळे पडले आणि श्वास अडकला. डॉक्टर समोरच होते म्हणून वाचली. डॉक्टर आईला म्हणाले, “हे इंजेक्शन हिला पुन्हा कधीही द्यायचं नाही. पुढच्या वेळी आम्हाला एवढाही वेळ मिळणार नाही.” मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि पट्टी झाल्याशिवाय जागची हलले नाही. ते नर्सिंग होमही आमचंच गिऱ्हाईक होतं. धाकटीचं कार्ड हे लाल पट्टी लागलेलं पहिलं कार्ड.

पट्टीबरोबरच मी तिची तपासणीही लिहिली. कार्डाचं काहीही करा, पत्ता बदला, नाव बदला, डॉक्टर बदला, लाल पट्टी जाता कामा नये. गेली तर नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचं नाही. बरीच वर्षं ही तपासणी मुकाट्यानं हिरवी होत राहिली. तिच्याकडे कुणाचं लक्ष जायचंही कारण नव्हतं.

मग सरांनी सगळं मुळापासून लवचिक करायचं ठरवलं. जुन्या पद्धतीत कार्ड एकच असायचं. मुलगी लग्न होऊन परत आली की रिसेप्शनिस्ट ‘नाव बदला’ दाबायची, नवं नाव घालायची आणि जुनं नाव त्याखाली बारीक अक्षरात राहायचं. तेच कार्ड, तीच पट्टी. आमच्याकडे हे सारखं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बदलतं. आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते, म्हणजे लहानपणी जिथं कान टोचले त्याच नर्सिंग होममध्ये. आमच्या गिऱ्हाइकांची अर्धी वर्दळ या माहेरवाशिणींचीच असते.

नव्या पद्धतीत नाव बदललं की नवं कार्ड उघडायचं आणि जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं, असं ठरलं. त्याच वेळी पट्टीची मांडणीही बदलली. आधी ती कार्डावरच लिहिलेली एक ओळ होती. आता एकाहून जास्त औषधं लिहिता यावीत म्हणून तिची वेगळी यादी झाली, आणि ती यादी कार्डाच्या नंबराला बांधली. दोन्ही बदल आपापल्या जागी ठीक होते. पण नवं कार्ड म्हणजे नवा नंबर, आणि यादी जुन्या नंबराला बांधलेली. ती मागेच राहिली, बंद झालेल्या कार्डापाशी. नव्या कार्डावर यादी रिकामी. आणि रिकामी यादी दिसली की आमचं नवं सॉफ्टवेअर तिथं हिरव्या रंगात लिहायचं, ‘ॲलर्जी नाही’. तो हिरवा रंग सरांची कल्पना. “सारखं लाल लाल काय दाखवायचं? स्क्रीन कशी प्रसन्न वाटली पाहिजे,” असं ते म्हणाले होते.

माहीत नाही आणि नाही यात फरक असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या स्क्रीनला कळत नव्हतं.

माझ्या तपासणीला मात्र कळलं होतं. ती लाल झाली होती. हे मला तेव्हा समजलंच नाही, कारण मी सुट्टीवर होते. धाकटीचं डोहाळजेवण होतं. मी घरात फुलांच्या वाड्या गुंफत होते, धनुष्यबाण करून तिच्या हातात देत होते, आईबरोबर पुरणाच्या गोडीवरून वाद घालत होते. इकडे सरांचा डेमो होता, सगळी डॉक्टर मंडळी बोलावलेली, आणि ही एक तपासणी काही केल्या हिरवी होईना. मग ती बंद केली गेली. बंद केलेली तपासणी नापास होत नाही. ती दिसतच नाही. मी कामावर आले तेव्हा सगळीकडे हिरव्या खुणा होत्या आणि डेमोच्या उरलेल्या बाकरवड्या डब्यात ठेवलेल्या होत्या.

काही आठवड्यांनी एका सकाळी धाकटीला कळा सुरू झाल्या. तिला घेऊन आम्ही शनिवार पेठेत पोचलो. जुने डॉक्टर आता घरीच असतात, त्यांची मुलगी सगळं बघते. तिनं तपासलं आणि बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझेरियन करावं लागेल, असं सांगून ती तयारीला आत गेली. धाकटीचा नवरा नाशिकहून निघालेला, वाटेत होता. आई थर्मास आणि बाळंतविडा आणायला घरी पळाली. धाकटी कळांनी इतकी बेजार होती की तिला स्वतःचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. रिसेप्शनिस्टनं ‘नाव बदला’ दाबून तिचं सासरचं नाव घातलं, मी काउंटरपाशी सह्या करत उभी होते.

नर्स हातात ट्रे घेऊन आली. स्क्रीनकडे बघत ती आतल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “ॲलर्जी काही नाही. ऑपरेशनच्या आधीचं अँटिबायोटिक देऊन टाकते.”

मी वाकून स्क्रीनवर पाहिलं. वर धाकटीचं सासरचं नाव. त्याखाली हिरवंगार ‘ॲलर्जी नाही’.

“देऊ नका!” मी एवढ्यानं ओरडले की बाकावरची माणसं उठून उभी राहिली. “ते इंजेक्शन तिला देऊ नका!”

“अहो ताई, ओरडताय काय अशा? सिस्टीमवर नाही म्हणतंय.”

“ती सिस्टीम मीच केलीय!”

नर्स माझ्याकडे बघत राहिली. वेड लागलेल्या नातेवाइकांची तिला सवय असणार. पण तिनं ट्रे खाली ठेवला. त्या एका गोष्टीसाठी मी तिला जन्मभर नमस्कार करीन. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी त्यांना जुनं सगळं सांगितलं, घसा, सूज, निळे ओठ. त्या म्हणाल्या, “अगं हो की! बाबा ही केस अजून सांगतात. ही तीच का? नाव बदलल्यामुळे मला ओळखूच आली नाही.” मग त्यांनी दुसरं औषध काढायला सांगितलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. आई आली, नवरा आला, रडणं-हसणं झालं. मी मात्र काउंटरवर रिसेप्शनिस्टला बाजूला सरकवून धाकटीचं माहेरच्या नावाचं कार्ड शोधत होते. सापडलं. वर ‘बंद’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली मी लावून घेतलेली लाल पट्टी, आहे तशी. आता कुणीही कधीही उघडणार नाही अशा कार्डावर ती इमानदारीत उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती नंतर आली, रिक्षात, लक्ष्मी रोडच्या गर्दीत अडकल्यावर. मी पदर तोंडाला लावून रडले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, “जरा पलीकडून काढा हो, मला भांडायला जायचंय.”

सर चहा पीत बसले होते.

“लाल पट्टीची तपासणी कुणी बंद केली?” मी दारातूनच विचारलं.

“कुठली?” सर म्हणाले. मग त्यांना आठवलं. “हां, ती. अहो, तात्पुरती बंद केलीय. डेमो अडला होता. आपण बसा तर आधी.”

मी बसले नाही. आमचा मुख्य प्रोग्रॅमर यवतमाळकडचा आहे, कामाला चोख. तो आपल्या टेबलावरून उठून आला. त्याचा चेहरा पडला होता. “मॅडम, मी विचारलं होतं सरांना. ते म्हणले, मॅडम सुट्टीवर आहेत, त्या आल्या की पाहतील, आत्ता बंद करून द्या. मंग मी बंद करून दिली.”

“आणि मी आल्यावर कुणी सांगितलं मला?”

सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच. सहज, कुठलाही कट न करता राहून गेलं होतं. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. कुणी मुद्दाम केलं असतं तर निदान भांडायला समोर एक माणूस असतं. इथं फक्त ‘तात्पुरतं’ होतं. आमच्या ऑफिसातला पंखा तात्पुरता दोरीनं बांधलेला आहे. जिन्यातला दिवा तात्पुरता काढलेला आहे. मी आले तेव्हापासून हे असंच आहे.

मी धाकटीचं सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं, खालच्या पत्रिकावाल्यांना ऐकू जावं इतका. सरांनी शांतपणे कप खाली ठेवला. “बहीण सुखरूप आहे ना? मुलगी झाली ना? मग बर्फी आणायची सोडून भांडायला काय आलात?”

त्यावर बोलले असते तर त्या कपाचं काही खरं नव्हतं. मी प्रोग्रॅमरच्या टेबलाशी गेले, तपासणी पुन्हा सुरू केली आणि सगळ्या नर्सिंग होमच्या कार्डांवर चालवली. स्क्रीनवर लाल ओळी यायला लागल्या. एक पान भरलं, दुसरं भरलं, त्या थांबेचनात. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, ज्याची पट्टी जुन्या कार्डापाशी राहिली होती आणि नव्या कार्डावर हिरवं ‘ॲलर्जी नाही’ होतं.

प्रोग्रॅमर वाकून नावं वाचत होता. वाचता वाचता तो थांबला. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “यात सगळ्या बायाच दिसून राहिल्या. एकबी पुरुष नाही.”

मीही पाहिलं. खरंच एकही नव्हता.

सरही उठून मागे येऊन उभे राहिले होते. “पण डेमो तर व्यवस्थित झाला,” ते म्हणाले. “पट्टी अगदी ठसठशीत दिसत होती. सगळ्यांनी पाहिली.”

“डेमोला कुणाचं कार्ड उघडलं होतं?”

“माझंच. मी नेहमी माझंच उघडतो. मला सल्फाची औषधं चालत नाहीत.”

“मग त्यात नाव बदलून पाहिलंत?”

“माझं नाव मी कशाला बदलू?” सर म्हणाले.

त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. आमच्या ऑफिसात पुरुषच जास्त. जो तो काम झालं की आपलं नाव घालून बघतो, चाललं की मान हलवतो. सगळ्यांची कार्डं चालली होती. ज्यांचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं त्यांच्यासाठी आमचं सॉफ्टवेअर अगदी बिनचूक होतं.

मी फोन ओढला. “काय करताय?” सरांनी विचारलं.

“सगळ्या नर्सिंग होमना सांगते. हिरव्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, तोंडानं विचारा.”

“अहो, असा बभ्रा करू नका. आपण गुपचूप दुरुस्त करू, उद्या अपडेट पाठवू. कुणाला कळणारही नाही.” त्यांनी खरोखरच फोनवर हात ठेवला. “नाव जाईल आपलं.”

“तुमचं नाव जाईल एवढ्यानं? या बायकांची नावं गेली तेव्हा तुम्हाला पत्ताही लागला नाही.”

त्यांनी हात काढला नाही. प्रोग्रॅमर मात्र मागे गेला, त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकांच्या यादीच्या खालच्या टोकापासून फोन लावायला लागला. “हॅलो, मी नारायण पेठेतून बोलून राहिलो,” असं त्याचं ऐकू आलं, तेव्हा सरांनी हात उचलला आणि ते केबिनमध्ये गेले.

दुपारभर आम्ही फोन करत होतो. कुणी घाबरलं, कुणी समजून घेतलं. कोथरूडच्या एका रिसेप्शनिस्टनं मला चांगलंच झापलं. “म्हणजे इतके दिवस आम्ही तुमच्या भरवशावर बसलो होतो तर. आणि वर तुम्ही वर्गणीही वाढवलीत.” बरोबर होतं तिचं. मी ऐकून घेतलं. त्या दिवसात मी ऐकून घेतलेली ती एकच गोष्ट.

दुरुस्ती झाली. हिरवी पट्टी मी कायमची काढून टाकली. आता यादी रिकामी असेल तर तिथं ‘विचारलेलं नाही’ असं येतं आणि कुणीतरी विचारून भरेपर्यंत ते जात नाही. सरांना ते प्रसन्न वाटत नाही.

आणि मी एक नवी तपासणी लिहिली. त्यात एक मुलगी आहे, नसलेली, आम्ही केलेली. ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्माला येते, तेव्हा तिच्या कार्डावर फक्त आईचं नाव असतं. मग बारसं होतं, कार्डाला नाव मिळतं. शाळेत असताना तिला ताप येतो, इंजेक्शन बाधतं, लाल पट्टी लागते. मग तिचं लग्न होतं, सगळं नाव बदलतं. ती बाळंतपणाला माहेरी येते. प्रत्येक पायरीला तपासणी विचारते, पट्टी आहे का? शेवटची पायरी प्रोग्रॅमरनं घातली. तिचा घटस्फोट होतो आणि ती आपलं जुनं नाव परत घेते. सर म्हणाले, “हे कशाला? आपल्या गिऱ्हाइकांत असं होत नाही.” तो नुसता म्हणाला, “माझ्या बहिणीचं झालं, सर.” आणि ती पायरी तिथंच राहिली.

आता कुणीही कोडला हात लावला की आधी त्या मुलीला अख्खा जन्म काढायला लागतो. ती शेवटपर्यंत नीट पोचली तरच पुढचं काम. ती नापास झाली की सगळं थांबतं, सरांनी कुणालाही शब्द दिलेला असो.

परवा पुन्हा तसंच झालं. हडपसरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी कार्डाची मांडणी पुन्हा बदलत होतो, दुसऱ्या दिवशी डेमो होता, आणि आमची मुलगी लग्नापर्यंत येऊन अडकली. सर माझ्या टेबलापाशी आले. उभे राहिले. घसा खाकरला.

“बाई, ती तुमची तपासणी... उद्यापुरतीच हं. तात्पुरती...”

मी खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. टेबलावर माझ्या भाचीचा फोटो असतो, आता रांगायला लागलीय ती.

“काढते की,” मी म्हटलं. “कुणाची पट्टी काढू, ते तेवढं सांगा. नाव सांगा, सर.”

डेमो पुढे ढकलला.